टेबल असलेली नऊ ठिकाणं

स्टेशनच्या दारापासून आमच्या खोलीच्या दारापर्यंत चारशे दहा पावलं होती आणि तेवढ्या अंतरात खाण्यापिण्याची एकोणतीस ठिकाणं होती. नऊ टेबल-खुर्च्यांची, अकरा हातगाड्या, सहा चहा-कॉफीची, दोन फळांच्या रसाची, आणि एक म्हणजे खांबाला टेकून उभा असलेला माणूस, ज्याच्या गळ्यात अडकवलेल्या पेटीत उकडलेली अंडी होती. या शेवटच्याला ठिकाण धरायचं की माणूस, यावर आत्याचा आणि माझा भर रस्त्यात वाद झाला.

"तो उद्या इथे नसेल," मी म्हणाले. "जे उद्या त्याच जागी सापडतं ते ठिकाण."

"मग तुझा बाप ठिकाण आहे," आत्या म्हणाली. "वीस वर्षं त्याच सोफ्यावर सापडतोय. अंडीवाल्याला सोड, त्याला धर. झाले एकोणतीस."

ती बॅग डाव्या हातातून उजव्या हातात घेऊन पुढे निघाली. बावीस वर्षांत आत्या पहिल्यांदाच सुट्टीवर आली होती, आणि सुट्टीत माणूस जसं चालतो तसं तिला चालता येत नव्हतं. पातेलं उतू जाणार असल्यासारखी चालत होती.

आत्या एका कारखान्याचं कँटीन चालवते. कारखान्यात रस्त्यातल्या गटारांवर बसवतात ती लोखंडी झाकणं ओततात. कामगार एकशे बारा. दुपारच्या जेवणात घेवड्याचं सूप, पाव आणि एक भाजी, बावीस वर्षं हेच. दोन वर्षांपूर्वी नव्वदच्या वर माणसं जेवायची. आता एक्केचाळीस. व्यवस्थापकांनी आत्याला बोलावून चहा पाजला होता आणि सांगितलं होतं की देखभालीची सुट्टी संपून कारखाना सुरू झाला की त्या आठवड्याच्या शुक्रवारी डोकी मोजू. साठच्या खाली भरली तर कँटीन बंद, बाहेरून पाकिटं मागवू.

"शेफारलेत सगळे," हे आत्याचं निदान. "पडद्यासमोर बसायला लागले आणि घरून डबे आणायला लागले. ठीक आहे. शहरातली माणसं आजकाल काय खातात ते एकदा बघूनच येते. मोजपट्टी, तू चल."

मोजपट्टी म्हणजे मी. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि आत्याच्या मते त्याआधीपासूनच अशी आहे.

आदल्या संध्याकाळी बाबांनी मला गॅलरीत नेलं. दोनदा खोकले. "हे बघ, ताईची जीभ गेलीय. मीठ कळत नाही तिला. मागच्या महिन्यात मी तिथे जेवलो, रात्रभर पाणी पीत होतो. साठीनंतर होतं असं, तूच म्हणाली होतीस."

मी म्हणाले होते. वयाबरोबर चव कमी कळायला लागते, हे पुस्तकातलं आहे.

"मग तू ते तुझं यंत्र घेऊन जा. नीट मोज. आणि तिथेच, घरापासून लांब, तिला सांग की ताई, आता पुरे. शुक्रवारी हाकलून देण्यापेक्षा आपणहून सोडलेलं बरं. तुझं ऐकेल ती. मी सांगितलं तर डाव फेकून मारेल."

म्हणजे आत्या शहर बघायला निघाली होती आणि मी आत्याला बघायला.

यंत्र पेनाएवढं आहे. पाण्यात बुडवलं की त्यात मीठ किती विरघळलंय ते छोट्या पडद्यावर दिसतं. सूप त्याला तसंच झेपत नाही. दहा मिलिलिटर सूप गाळायचं, त्यात नव्वद मिलिलिटर शुद्ध पाणी घालायचं, ढवळायचं, पंचवीस अंशांपर्यंत गार होऊ द्यायचं, मग बुडवायचं आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणायचं. त्यासाठी लागणारी काचेची भांडी, गाळणी, थर्मामीटर आणि शुद्ध पाण्याची बाटली मी एका डब्यात घेतली होती. एवढं मांडायला सपाट, न डुगडुगणारं टेबल लागतं. त्यामुळे कुठे जेवायचं ते मी ठरवायचं आणि काय मागवायचं ते आत्याने, अशी वाटणी झाली. आत्याचा एकच नियम होता. हवं ते खाऊ, हवं ते पिऊ, पण प्रत्येक ठिकाणी एक सूप मागवायचंच.

"का?"

"तळणीत काहीही लपतं. सूपात लपायला जागा नसते."

पहिल्या ठिकाणी मेनूत चौऱ्याण्णव पदार्थ होते. आत्याने बोट ठेवून विचारलेल्या पहिल्या चौदांपैकी तीन होते. वेटर दर वेळी "ते आज नाही" म्हणायचा आणि आत्या दर वेळी "काल होतं का?" विचारायची. शेवटी त्याने कबूल केलं की तो लागल्यापासून नाही.

"किती दिवस झाले लागून?"

"चार वर्षं."

"बरं, सूप तरी चार वर्षांचं देऊ नकोस."

सूप आलं. आत्याने चमचा तोंडात घातला, एक क्षण छताकडे पाहिलं, आणि मीठ मागितलं. चिमटीने टाकलं, ढवळलं, चाखलं, पुन्हा चिमूटभर टाकलं. "हं. आता माणसाला देण्यासारखं झालं."

मी मीठ टाकायच्या आधीचं सूप काढून घेतलं होतं, आता नंतरचंही घेतलं. आधीचं ०.८१ टक्के. नंतरचं १.३०.

"काय म्हणते तुझी काडी?"

"आकडा सांगते."

"तिला जीभ आहे का?"

"नाही."

"मग सांगते कशाने?" आत्याने पाव मोडला. "बिनजिभेचे फार बोलतात आजकाल."

दुसरं ठिकाण काचेच्या दर्शनी भागाचं कॉफीचं दुकान होतं. तिथे कॉफीच्या फेसावर पान काढून देत होते. आत्याने ते पान सगळ्या बाजूंनी पाहिलं, कप फिरवून पुन्हा पाहिलं, मग एका घोटात अर्धं पान पिऊन टाकलं आणि ओठावरची फेसाची मिशी पुसली. "दूध एकदा लागलंय. खालून. नंतर दुसऱ्या भांड्यात ओतलंय." काउंटरमागच्या मुलीचा चेहरा असा झाला की मी चौकशी केली नाही. मी वहीत लिहिलं: वास येतो, चांगलाच येतो. त्यापुढे लिहिलं: मिठाशी संबंध नाही. तिथल्या टोमॅटोच्या सूपात ०.७९. आत्याच्या चिमटीनंतर १.३२.

तिसऱ्या ठिकाणी भोपळ्याचं सूप होतं, ०.८४, आणि वेटर उसासे टाकणारा होता. आत्याने मीठ मागितलं तेव्हा त्याने उसासा टाकला, पाणी मागितलं तेव्हा टाकला, छान आहे म्हणाली तेव्हाही टाकला. "याचं लग्न झालंय का विचार," आत्या मला म्हणाली. मी विचारलं नाही. तिने विचारलं. त्याने उसासा टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक घोटाळा झाला. पाचवं ठिकाण मोठं होतं, टेबलांवर पांढरं कापड, पेल्यात घडी करून ठेवलेले रुमाल. मी भांडी मांडली, गाळणी लावली, थर्मामीटर बुडवला. मान वर केली तर टेबलाशी मालक उभे होते. त्यांच्यामागे आचारी, आणि आचाऱ्याच्या डोक्यावर घाईने घातलेली टोपी, तीही उलटी.

"मॅडम, कोणत्या खात्याकडून?"

मी तोंड उघडलं, पण आत्याने माझ्या पायावर पाय ठेवला. "त्या जेवताना बोलत नाहीत," ती म्हणाली. "फार कडक आहेत. मागच्या ठिकाणी फक्त 'हं' म्हणाल्या, आणि संपलं."

मालकांनी सूप उचलून नेलं आणि दुसरं आणलं. त्याबरोबर न मागितलेलं पुडिंग आणलं, आईस्क्रीम आणलं. आत्याने दोन्ही खाल्लं आणि आचाऱ्याला टोपी सरळ करायला सांगितली. बाहेर आल्यावर मी रागावले. मालकाने सूप बदललं होतं, म्हणजे तिथला आकडा आता गिऱ्हाइकाच्या सूपाचा नव्हता, घाबरलेल्या माणसाच्या सूपाचा होता. तो मी कंसात लिहिला.

"आणि पुडिंग?" आत्या म्हणाली. "ते पण कंसात का?"

संध्याकाळी तिने आयुष्यात पहिल्यांदा बीअर मागवली. सहाव्या ठिकाणी शेजारच्या टेबलावर तिच्याच वयाच्या दोन बायका पीत होत्या, त्यांच्याकडे पाहून. पहिला घोट घेऊन तिने डोळे मिटले. "काढा आहे. पण फसफसणारा." दुसरा घोट. "तुझ्या आजीने असला दिला असता तर आम्ही वेळेवर घेतला असता." तिसऱ्या घोटानंतर तिने ग्लास माझ्याकडे सरकवला आणि मला बजावलं की बापाला सांगायचं नाही. मग स्वतःच पुढे म्हणाली, "नाहीतर सांग. त्याला खोकायला तेवढंच निमित्त."

तिसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण लवकर आटोपून आम्ही खोलीवर आलो. आत्या पलंगावर पाय पसरून बसली आणि पायाला तेल चोळायला लागली. मी खिडकीपाशी वही उघडली. नऊ ठिकाणं, नऊ सूपं. सगळ्यात कमी ०.७४, सगळ्यात जास्त ०.९३, कंसातला धरला तरी न धरला तरी सरासरी ०.८४. आत्याने नऊपैकी नऊ ठिकाणी मीठ मागितलं होतं. आणि तिने मीठ टाकल्यावरचे आकडे १.२८ ते १.३३ च्या बाहेर एकदाही गेले नव्हते. भोपळा असो, टोमॅटो असो, सूप पातळ असो की दाट. आमच्या प्रयोगशाळेत मोजमापाचा चमचा घेऊनही एवढं नेमकं मीठ टाकणारे दोघेच आहेत आणि त्यांतली एक मी नाही.

पण नेमकेपणा वेगळा आणि बरोबर असणं वेगळं, हेही पुस्तकातलं आहे. सगळं शहर एका बाजूला आणि आत्या दुसऱ्या बाजूला. शहराची जीभ गेली असण्यापेक्षा एका बाईची गेली असणं जास्त शक्य. मी निष्कर्ष लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि वही मिटली.

आता फक्त सांगायचं राहिलं होतं.

"आत्या."

"बोल."

"तू कधी... म्हणजे, कँटीनचा कंटाळा येतो का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तेलाची बाटली बंद केली. "तू खोकली नाहीस," ती म्हणाली. "बापावर गेली नाहीस म्हणायची. झोप आता. उद्या सांग काय ते."

चौथ्या दिवशी आमची गाडी दुपारी दोनला होती. सकाळी अकराला बॅगा घेऊन आम्ही स्टेशनकडे निघालो. मी ठरवलं होतं की फलाटावर बसलो की सांगायचं. आत्या मात्र स्टेशनच्या दारातून आत न शिरता भिंतीच्या कडेकडेने मागच्या बाजूला वळली.

"कुठे?"

"घेवडा शिजतोय."

मला काहीच वास येत नव्हता. दोनशे पावलांवर मालधक्का होता. मालगाडीतून पोती उतरवत होते. धक्क्याच्या टोकाला पत्र्याचं एक छप्पर, त्याखाली एक मोठं पातेलं, आणि पातेल्याशी डाव घेऊन एक रुंद बाई. टेबल नव्हतं. खुर्ची नव्हती. तीस-पस्तीस हमाल उभ्याने जेवत होते, वाटी ओठाला लावून.

"इथे मला मोजता येणार नाही," मी म्हणाले. "भांडी कुठे ठेवू?"

"पोत्यावर बस आणि जेव गपचूप. पोटाला टेबल लागत नाही."

डाववाल्या बाईने आम्हाला दोन वाट्या दिल्या. आत्याने वाटी ओठाला लावली. एक घोट घेतला. छताकडे पाहिलं. मी वाट बघत होते. तिने दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, वाटी रिकामी करून बोटाने पुसली आणि पुन्हा पुढे केली. मीठ मागितलं नाही.

मी एक घोट घेतला आणि माझी जीभ आक्रसली. माझ्यासाठी ते खारट होतं. सरळ खारट. मी डबा उघडला, पोत्यावर तिथलीच एक फळी ठेवली, फळी डुगडुगत होती, म्हणून एका हमालाला ती धरून उभं राहायला सांगितलं. त्याने विचारलं की मी काय करते आहे. आत्या म्हणाली, "आमच्याकडे जेवणाआधी अशी पूजा करतात." तो बिचारा दोन्ही हातांनी फळी धरून श्रद्धेने उभा राहिला.

१.३१.

मी यंत्र पुसून पुन्हा बुडवलं. १.३१.

"किती?" आत्याने विचारलं. चार दिवसांत पहिल्यांदाच तिने नीट विचारलं होतं.

मी सांगितलं. तिचा आकडाही सांगितला. नऊ ठिकाणांचाही सांगितला. ती फळी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीकडे बघत होती. त्याचा शर्ट निळा होता आणि पाठीवर, खांद्यांच्या खाली, पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. ओल्या भिंतीवर खार फुलतो तशा. शेजारच्याच्या शर्टवरही होत्या. त्याच्या पलीकडच्याच्याही.

"हे काय आहे?" आत्याने मला विचारलं, जणू तिला माहीत नव्हतं.

"घाम वाळला की मीठ मागे राहतं."

"हं." ती डाववाल्या बाईकडे वळली. "का गं, तुझ्याकडे कचेरीतली माणसं येतात का?"

"येतात ना," ती बाई म्हणाली. "एकदा."

"आणि मग?"

"मग नाही येत. मरेना का. मी कोणासाठी रांधते ते मला ठाऊक आहे."

आत्या पोत्यावर बसली. माझ्या मनात एकेक आकडा जागेवर सरकत होता आणि मला ते बघायला आवडत नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी आत्याने सूपात मीठ बसवलं ते भट्टीवरच्या माणसांसाठी. तेव्हा एकशे बाराच्या एकशे बारा जणांच्या पाठीवर या रेषा होत्या. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात नवीन विजेची भट्टी आली. तिच्याभोवती भिंत बांधली, पलीकडे गार हॉल केला, आणि तिथे माणसं पडद्यासमोर बसून भट्टी चालवायला लागली.

"भट्टीपाशी आता किती जण असतात?" मी विचारलं.

"चौदा."

"आणि त्यांतले जेवायला किती येतात?"

"चौदा." आत्याने मान हलवली. "एकही खाडा नाही. आणि मी त्या हॉलवाल्यांना शेफारलेले म्हणत होते. एकाने सांगितलंही होतं मला, मावशी, जरा खारट वाटतं. मी म्हटलं, आईच्या हातचं गोड लागतं ना, मग तिथेच जेव. तर तो मुडदा खरंच तिथे जेवायला लागला."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि तू? तुझं काय म्हणणं होतं? आज फलाटावर सांगणार होतीस ते."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "की तुझी जीभ गेलीय."

"कशावरून?"

"नऊ ठिकाणांवरून."

"एकोणतीस मोजली होतीस ना? मग ही नऊच का?"

"कारण तिथे टेबल होतं. यंत्र मांडायला."

आत्या हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग तिने पदर तोंडाला लावला. फळीवालाही हसायला लागला, का ते माहीत नसताना. "म्हणजे सगळ्या शहरात तू बसून खाणारेच तेवढे मोजलेस! उभ्याने खाणारा तुझ्या हिशेबात माणूसच नाही! आणि वर माझी जीभ गेली! अगं मोजपट्टी, तो अंडीवाला तरी विचारायचास, तो मीठ किती लावतो."

मला हसू येत नव्हतं. मी वहीतला निष्कर्ष खोडला. खोडलेलं वाचता येईल असं खोडायचं असतं, म्हणून एकच रेघ मारली.

"तुझ्या बापाने पाठवलं होतं ना तुला?" पदर खाली घेत ती म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशी मला फोन करून म्हणाला, ताई, पोरीला तेवढाच बदल. त्याआधी दोनदा खोकला. तेव्हाच कळलं."

"मग आणलंस कशाला मला?"

"बॅग कोण उचलणार?"

गाडीत तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपली. अर्ध्या तासाने डोळे न उघडताच म्हणाली, "टेबलावर मिठाची बाटली ठेवणार नाही. बाटली ठेवली म्हणजे मला माझं काम येत नाही, तुमचं तुम्ही बघा, असं झालं. दोन पातेली लावीन. चौदा जणांचं वेगळं."

"मोठ्या पातेल्यात किती मीठ घालायचं ते मी काढून देते. पाण्याच्या मापाने—"

"तू काही काढून देऊ नकोस."

सोमवारी सकाळी मी रजा काढून कँटीनमध्ये गेले. बाबाही आले. त्यांना आत्याने कांदे दिले, म्हणजे रडायला कारण मिळेल. लहान पातेल्यात ती नेहमीच्या हाताने मीठ टाकून मोकळी झाली. मोठ्या पातेल्याशी मात्र बराच वेळ उभी राहिली. चिमूट टाकायची, चाखायची, तोंड वाकडं करायची. पुढची चिमूट उचलायची आणि हात पातेल्यावर धरून थांबायची. तिला अळणी लागत होतं आणि तिथेच थांबायचं होतं. मी तिला असं बिचकताना कधी पाहिलं नव्हतं.

"कसं ठरवतेस?" मी विचारलं.

"ते उसासेवाल्याचं भोपळ्याचं आठवतेय." ती पुन्हा चाखून म्हणाली, "आजाऱ्याला द्यायचं सूप. घे, बुडव तुझी काडी. पण आता मी काही बदलणार नाही, आधीच सांगते."

०.८५.

आत्याने आकडा ऐकला आणि हातातली चिमूट परत डब्यात टाकली. बाबा कांदा चिरायचे थांबले. "ताई, म्हणजे तुझी जीभ—"

"चिर तू."

पहिल्या दिवशी चव्वेचाळीस जण आले. हॉलमधल्यांपैकी कोणाला काही कळलं नव्हतं, आणि आत्या कोणाला सांगायला तयार नव्हती. मी फलक लावूया म्हटलं. ती म्हणाली, "काय लिहू? बावीस वर्षं चुकले?"

"चुकली नव्हतीस. माणसं बदलली."

"एवढं मोठं फलकावर मावत नाही."

मंगळवारी त्रेचाळीस. आत्या त्या दिवशी भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवत होती. बुधवारी हॉलमधला एक चष्मेवाला आपला डबा घेऊन आला, कारण त्याच्या दोस्ताला सोबत हवी होती. दोस्ताच्या वाटीतलं दोन चमचे सूप त्याने घेतलं. मग तिसरा घेतला. मग दोस्ताने वाटी ओढून घेतली आणि त्याला ओळीत जाऊन उभं राहायला सांगितलं. आत्याने त्याची वाटी भरली.

"मावशी, आज काही वेगळं केलंय का?"

"तुम्ही वेगळे झालात," आत्या म्हणाली. "डबा कोणी दिलाय?"

"बायकोने."

"मग तो पण संपवायचा. नाहीतर ती माझ्यावर येईल."

त्या दिवशी एकोणपन्नास. गुरुवारी तो चष्मेवाला डबा न आणता आला आणि पाच जणांना घेऊन आला. त्या दिवशी सत्तावन्न. संध्याकाळी आत्याने घेवडा भिजत घालताना हात थांबवून मला विचारलं, "किती घालू?" बावीस वर्षांत तिने हे कोणाला विचारलं नव्हतं. मी म्हणाले की सत्तावन्नांवरून उद्याचा अंदाज काढणं धोक्याचं आहे. ती म्हणाली की मग माझं शिक्षण काय चुलीत घालायचं का, आणि नव्वदांचा घेवडा भिजत घातला.

शुक्रवारी बारा वाजता व्यवस्थापक आले. सोबत कचेरीतली एक बाई होती, तिच्या हातात कागद आणि पेन्सिल. ते दाराशी उभे राहिले. मी त्यांच्या समोरच्या बाजूला उभी राहिले, माझी वही घेऊन, म्हणजे मोजणी दोघांची स्वतंत्र होईल. आत्याने आमच्या दोघांकडे एकदा पाहिलं आणि पाठ वळवली. तिने दोन्ही पातेल्यांची झाकणं काढली, पदर खोचला आणि डाव हातात घेतला. घंटा झाली. आधी भट्टीवरचे चौदा आले, लहान पातेल्याशी गेले. मग दार बराच वेळ रिकामं राहिलं. बाबा खोकले.

मग हॉलचं दार उघडलं.

एक वाजता कचेरीतल्या बाईने तिची बेरीज केली आणि मी माझी. दोन्ही जुळल्या. एकशे बारापैकी त्रेसष्ट जण जेवले. यात मी आणि बाबा धरलेले नाहीत.